तिसऱ्या रांगेतल्या लांब माना

मशरूमच्या देठाला आमच्या घरात मान म्हणतात. शब्द मावशीचा. मान आखूड नि टोपी रुंद असली की माल चांगला. मान लांबलचक आणि टोपी शर्टाच्या बटणाएवढी, म्हणजे खोलीत श्वास कोंडलाय. "आपण सोडलेला श्वास यांना सोसत नाही," मावशी सांगायची. "माणूस जवळ बसून राहिला की या माना उंच करून चांगली हवा शोधतात. मागच्या बाकावरची पोरं फळा बघायला माना काढतात ना, अगदी तशा."

मावशी जाऊन चार महिने झाले होते. उन्हाळा लागला आणि आमच्या खोलीतल्या तिसऱ्या रांगेनं माना काढल्या.

फक्त तिसऱ्या. पहिली, दुसरी, चौथी, पाचवी आपल्या जागी शहाण्यासारख्या होत्या. खोली घरामागे आहे, वरून पत्रा, आतून बांबूच्या तट्ट्या. भुसा भरलेल्या पिशव्या दोऱ्यांना टांगलेल्या, एकीखाली एक, उशांसारख्या, आणि आतून पांढरं जाळं धरलेलं. तिसरी रांग बरोबर दारासमोर. दार उघडलं की पहिली हवा तिलाच लागते. कोंडायचंच झालं तर पाचवीनं कोंडावं, ती कोपऱ्यात आहे. पण नाही.

"आई, हे बघ ना," मी म्हणाले.

आईनं बघितलं. एका हातात चाकू, दुसऱ्यात टोपली. तिनं तो अख्खा झुबका मुळासकट उपटला आणि माझ्या पायाशी टाकला.

"हवा कमी पडतेय थोडी."

"मग खिडकी उघडू?"

"हात तर लाव, मग बघ."

आता खिडक्यांचं सांगायला हवं. यंदा पाणी चौथ्या दिवशी येत होतं, तेही टँकरनं, घरटी दोन ड्रम. मशरूमला दिवसातून तीनदा शिंपडावं लागतं, आणि बाहेर वारा असा की धुतलेला रुमाल पिळेपर्यंत वाळायचा. मागच्या उन्हाळ्यात असंच झालं तेव्हा मावशीनं युक्ती काढली. चारही खिडक्या बंद, वरून ओलं गोणपाट खिळ्यांनी ठोकायचं, आणि सकाळ-संध्याकाळ फक्त दार उघडून पुठ्ठ्यानं वारा घालायचा. एका ड्रममध्ये तीन दिवस निघायचे. गावात आमच्यासारख्या अकरा बायका मशरूम करतात, अकराही जणींनी ती युक्ती उचलली. नाहीतर एप्रिलमध्येच सगळ्यांचं दुकान बंद झालं असतं.

हे दुकान आई आणि मावशीनं मिळून सुरू केलं. सहा वर्षांपूर्वी, पलंगाखाली, तीन पिशव्या. बाबा म्हणायचे, आमच्या पलंगाखाली भूत आहे आणि त्याला पांढरे कान फुटलेत. बी कुठून आणायचं, माल कुठं द्यायचा, फोन कुणाला करायचा, ते आई बघायची. मावशी पायांची. घरोघरी जायची, बायकांना शिकवायची, त्यांच्या खोलीत बसून राहायची. गुडघे दुखायचे म्हणून उपड्या बादलीवर बसायची, आणि बसली की उठायचं नावच नाही. बोलत बसायची. मशरूमशीसुद्धा बोलायची.

मला ती 'मुकी' म्हणायची, कारण तेव्हा मी कुणाशी बोलतच नसे. वर्गात हजेरीपुरता आवाज. मग गेल्या वर्षी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिनं मला ढकललं, मशरूमवर बोल म्हणाली. मी बोलले. घंटा झाली तरी बोलत होते, पाहुणे उठून चहाला गेले तरी बोलत होते. तेव्हापासून माझं नाव 'भोंगा'. नाव मावशीनंच बदललं. मला ते भयंकर आवडतं.

मावशी छातीच्या दुखण्यानं गेली. सगळे तसंच म्हणतात, छातीचं दुखणं. जसं काही ते पाहुणं म्हणून आलं, बसलं आणि जाताना तिला घेऊन गेलं.

*

दुसऱ्या दिवशी गाडीवाला माल न्यायला आला. तो गावातल्या सगळ्यांचा माल आमच्या अंगणात गोळा करतो. सहा-सात बायका टोपल्या घेऊन उभ्या. त्यानं आमची टोपली उपसली आणि खालून दोन झुबके बाहेर काढले. आईनं घाईत ते तिसऱ्या रांगेतले घातले असावेत.

"ताई, ही काय भानगड? जिराफ पाळलाय का?"

बायका हसल्या. गाडीवाल्यानं एक मान बोटांत धरून हलवली. टोपी लटकन हलली. त्यानं ते मातीत फेकलं आणि हात पँटला पुसले.

"दुसऱ्यांना शिकवता आणि स्वतःचा माल असा?"

आई वाकली आणि मातीतून एकेक उचलून पदरात घेतलं. सहा वर्षांत कुणी तिचा माल परत दिला नव्हता. तिची मान लाल झाली होती, कानामागपर्यंत. मी काहीतरी सणसणीत बोलणार होते, पण माझं लक्ष दुसरीकडे गेलं. हसता हसता शिवणवाली थांबली होती. शिवणवाली म्हणजे कोपऱ्यावरच्या घरात शिलाई मशीन चालवते ती, तिची मशरूमची खोली मशीनच्या मागेच आहे. ती त्या लांब मानांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर हसू अर्धं राहिलं होतं, टाका अर्धा राहावा तसं.

रात्री जेवताना बाबांनी विषय काढला. बाबा वायरमन आहेत, दिवसभर खांबावर असतात, त्यामुळे जमिनीवरच्या बातम्या त्यांना उशिरा कळतात.

"तिसऱ्याच रांगेत का पण?" ते म्हणाले. मग गंमत म्हणून म्हणाले, "तुझ्या मावशीला सांग, जरा सरकून बस."

समोर काका जेवत होता. मावशीचा नवरा. सायकली दुरुस्त करतो, बोटं कायम काळी, आणि मावशी गेल्यापासून रोज आमच्याकडे जेवतो. त्यानं घास तोंडाजवळ नेला होता. तो खाली ठेवला. बाबांनी पाण्याचा पेला उचलला आणि रिकामाच तोंडाला लावला.

मावशी तिसऱ्या रांगेत बसायची. हे त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

*

मी शास्त्रज्ञ मुलगी आहे. तसं सर्टिफिकेट आहे माझ्याकडे. म्हणून मी घाबरायच्या आधी प्रयोग केला.

तिसऱ्या रांगेतल्या चार पिशव्या काढून पाचवीत टांगल्या आणि पाचवीतल्या चार तिसरीत. पिशव्यांवर खडूनं खुणा केल्या. पिशवीत दोष असेल तर माना पिशवीबरोबर जातील. तीन दिवसांनी बघितलं. पाचवीत गेलेल्या पिशव्यांना नवे कोंब आले होते, जाडे, आखूड मानेचे, गुटगुटीत. तिसरीत आलेल्यांनी माना काढल्या होत्या. आणि एक गोष्ट मी आधी पाहिली नव्हती. माना नुसत्या वर गेल्या नव्हत्या. दोन्ही बाजूंनी वाकल्या होत्या. रांगेच्या मधोमध एक जागा होती आणि सगळ्या तिच्यापासून लांब वाकल्या होत्या. गर्दीत कुणाचा घामट वास आला की आपण तोंड फिरवतो, तशा.

मी खाली बघितलं. आमची जमीन काळ्या फरशीची. मशरूम तोडायला एक दिवस उशीर केला की टोप्यांतून पांढरी पूड गळते, पिठासारखी, आणि या उन्हाळ्यात आई वजन भरावं म्हणून रोजच एक दिवस उशीर करत होती. सगळी फरशी पांढरी झालेली. तिसऱ्या रांगेच्या मधोमध मात्र एक काळा गोल. स्वच्छ. बादलीच्या बुडाएवढा.

बादली तिथं नव्हती. मावशीची बादली तिच्या तेराव्यालाच काका घरी घेऊन गेला होता.

मी तो गोल पायानं पुसला, सगळीकडे पूड सारखी केली आणि दार लावून बाहेर आले. बाहेर रणरणतं ऊन, कावळा टाकीवर ओरडतोय, शेजारचं कुत्रं जीभ काढून पडलंय. मी स्वतःला म्हटलं, बावळट. दुपारी परत गेले तर गोल होता.

मग मी बॅटरी लावली. खिडक्या ठोकलेल्या, त्यामुळे भर दुपारी आत काळोख. नाकाला ओढणी गच्च बांधली होती. उजेडाच्या झोतात पूड तरंगताना दिसते, अगदी बारीक, धुरासारखी. पहिल्या रांगेत झोत टाकला. धूर शांत, हळूहळू खाली बसतोय. चौथीत तेच. मग तिसरीत टाकला.

धूर पुढे आला. थांबला. मागे गेला. पुन्हा पुढे आला.

मी माझा श्वास धरला. मला वाटलं माझ्याच श्वासानं हलतोय. मी वीस आकडे मोजले. धूर पुढे आला, थांबला, मागे गेला. मध्येच अडखळला आणि दोन-तीन झटके दिले, छोटे, खोकल्यासारखे. मग पुन्हा सुरू.

शाळेत सगळ्यात मोठा आवाज असलेली मुलगी तिथून एक शब्द न बोलता बाहेर आली.

*

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या कॉम्प्युटरवर मी शोधलं. भुतांचं नाही, पुडीचं. मशरूमची पूड, बंद खोली, खोकला. सगळं लिहिलेलं होतं. आधी कोरडा खोकला. काम झाल्यावर संध्याकाळी ताप, सकाळी गायब. मग जिना चढताना धाप. मग बसल्या बसल्या धाप. खोली उघडी ठेवा, नाकाला बांधा, माल वेळेवर तोडा. वेळेत कळलं तर माणूस बरा होतो. मी ते तीनदा वाचलं. मावशीचं वर्षच कुणीतरी ओळीनं लिहून ठेवलं होतं.

घरी आले तर अंगणात दोन माणसं बसली होती. एक डेअरीवाले दादा. त्यांनी तीस वर्षांपूर्वी दोन म्हशींवर दूध गोळा करायला सुरुवात केली, आता चाळीस गावांचं दूध त्यांच्याकडे येतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते शाळेच्या हॉलमध्ये बैठक घेतात. ज्यानं ज्यानं स्वतःचं काही सुरू केलंय त्यानं यायचं आणि एकच गोष्ट सांगायची: काय शिकलात. दुसरा माणूस तरुण, शहरातला, पांढरे बूट. तो अशा लोकांच्या गोष्टी फोनवर घेऊन गावोगाव पाठवतो. मी लगेच त्याचं नाव ॲपवाला ठेवलं.

"ताई, तुमची बंद खिडकीची पद्धत मला हवीय," तो आईला म्हणाला. "एका ड्रममध्ये तीन दिवस! रविवारी बैठकीत तुम्ही बोला, मी रेकॉर्ड करतो. दोनशे गावांत पोचेल. दोनशे!"

आई उजळली. खरंच उजळली. मावशी गेल्यापासून मी तिला असं पाहिलं नव्हतं. पदर सारखा केला, माझ्याकडे बघून म्हणाली, "चहा टाक गं."

तेवढ्यात शिवणवाली बी मागायला आली. फाटकापासून अंगणापर्यंत वीस पावलं असतील. ती ओट्याला धरून उभी राहिली आणि बोलायच्या आधी श्वास गोळा करत राहिली.

"खोकला बसला नाही का अजून?" आईनं विचारलं.

"बसतो गं. संध्याकाळी अंग तापतं जरासं. सकाळी मी आपली ठणठणीत."

"उन्हाळ्याचं असतं असं. कोमट पाणी घे."

आई हे बोलत होती आणि बीची पिशवी मोजून देत होती. पिशवीची गाठ तिला तीनदा मारावी लागली.

पाहुणे गेल्यावर मी भोंगा झाले.

"संध्याकाळी ताप, सकाळी ठणठणीत. मावशीचं असंच होतं. पुडीनं होतं ते, आई. खिडक्या बंद म्हणून. मी वाचलंय."

"डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते."

"डॉक्टरांना माहीत होतं का, ती काम काय करायची?"

आई फडकं पिळत होती. पिळतच राहिली. पाणी संपलं तरी पिळत राहिली.

"तू रविवारी बोललीस तर दोनशे गावांत खिडक्या बंद होतील."

"आणि उघडल्या तर?" ती गर्रकन वळली. "पाणी तू आणणार? अकरा घरं आहेत. शिवणवालीचा मुलगा यावरच शिकतोय. पोरीला चार शब्द काय बोलता यायला लागले—" तिनं वाक्य सोडून दिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "युक्ती तिची होती. तिचं नाव राहील त्यानं."

"तू त्या रांगेत का जात नाहीस?" मी विचारलं.

हे मी उगाच अंधारात मारलं होतं. पण लागलं. गाडीवाल्यानं माल फेकला त्या दिवसापासून तिसऱ्या रांगेत मीच तोडणी करत होते. आईनं फडकं खांद्यावर टाकलं आणि आत निघून गेली.

*

रविवारी हॉलमध्ये चाळीस-पन्नास माणसं. आमच्या अकराजणी एका बाजूला सतरंजीवर. इतर गावांतून पंधरा-वीस नव्या बायका आल्या होत्या, मशरूम शिकायला, वह्या घेऊन. काका दाराजवळ बसला होता. मावशी असताना ती तिथं बसायची, आता तो बसतो.

डेअरीवाल्या दादांचा एक नियम आहे. 'काय शिकलात' सांगून झालं की ते दुसरा प्रश्न विचारतात: 'आणि कशाच्या बदल्यात?' लोक आता ठरवूनच येतात काय उत्तर द्यायचं.

वीटभट्टीवाला म्हणाला, पावसाचा अंदाज शेजाऱ्याला विचारायचा नाही, मुंग्यांना विचारायचा, हे शिकलो. कशाच्या बदल्यात? "आठ हजार कच्च्या विटांच्या. आणि शेजाऱ्याच्या." मधवाला म्हणाला, भागीदारी मेव्हण्याबरोबर करू नये. कशाच्या बदल्यात? "बायको इथंच बसलीय, दादा, नंतर सांगतो." हॉल खदखदला.

मग ॲपवाला उठला. म्हणाला, पडायचंच असेल तर लवकर पडा, मोठे लोक असंच करतात. शिवणवाली बसल्या जागेवरून म्हणाली, "आम्हाला पडायला वेळ कुठाय बाबा, स्वयंपाक कोण करेल?" आणि स्वतःच्याच हसण्यावर खोकायला लागली. बराच वेळ खोकली. तिच्या शेजारची खोकली. मग पलीकडची. त्या एका सतरंजीवरच. हॉलमध्ये बाकी कुणी खोकत नव्हतं.

आई उठली. नवी साडी, हातात टवटवीत मशरूमची टोपली. ॲपवाल्यानं फोन धरला. आईनं छान सांगितलं, अगदी स्वच्छ. पाणी किती, गोणपाट कसं ठोकायचं, दार किती वेळ उघडायचं. नव्या बायका भराभरा लिहून घेत होत्या. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते.

"वा," दादा म्हणाले. "आणि कशाच्या बदल्यात?"

आईचं उत्तर ठरलेलं होतं. मी सकाळी तिला आरशासमोर म्हणताना ऐकलं होतं: 'झोपेच्या.' साधं, हसू आणणारं. तिनं तोंड उघडलं. मग काय झालं ते मला दिसलं, कारण मी मागे असले तरी बरोबर तिच्या समोर उभी होते. तिच्या पदराचं टोक हललं. हॉलमधले पंखे बंद होते, वीज गेलेली होती. टोक पुढे आलं, थांबलं, मागे गेलं. आई खाली बघत राहिली.

"बहिणीच्या," ती म्हणाली.

दादा वहीत काहीतरी लिहीत होते. त्यांनी मान वर केली.

"मागच्या उन्हाळ्यात मोठ्या दवाखान्यात नेलं तिला. डॉक्टरांनी विचारलं, बाई, तुम्ही काम काय करता? तिनं तोंड उघडलं तेवढ्यात मीच म्हणाले, घरकाम." आईनं टोपली खाली ठेवली. "नुकत्याच अकरा घरांत पिशव्या टांगल्या होत्या. मशरूमनं आजार होतो असं एकदा झालं असतं तर सगळ्या खाली उतरल्या असत्या. ती माझ्याकडे बघत राहिली. मग डॉक्टरांना म्हणाली, हो, घरकाम. त्यांनी साध्या खोकल्याचं औषध दिलं. ती घरी आली आणि परत खोलीत जाऊन बसली. सहा महिने. बंद खोलीत. मी खिडकी उघडली नाही."

ॲपवाल्यानं फोन खाली घेतला. "हरकत नाही, ताई, हे कापता येईल."

"काही कापायचं नाही," दादा म्हणाले.

नव्या बायकांची पेनं तशीच वहीवर टेकलेली. मग शिवणवाली म्हणाली, अगदी हळू, "माझ्याकडे दाराजवळच्या रांगेत येतात."

"काय?"

"माना. ती तिथं बसायची. मशीनला टेकून."

"माझ्याकडे खिडकीखाली," दुसरी म्हणाली. "मी शेळीपुढे टाकते. शेळी तोंड लावत नाही."

"मी पुरते," तिसरी म्हणाली. "वाटलं, माझ्याच घरात आहे. कुणाला सांगू? म्हणतील, घर झपाटलंय, माल घेऊ नका."

एकेक करून अकराही जणींनी सांगितलं. प्रत्येकीच्या खोलीत एक जागा होती आणि प्रत्येकीनं ती उन्हाळाभर लपवली होती. माझ्या अंगावर काटा आला तो त्यांच्या सांगण्यानं नाही. बोलताना त्या सगळ्या जणी एकाच लयीत थांबत होत्या, अर्ध्या वाक्यात, श्वास घ्यायला. मावशी थांबायची, अगदी तिथंच.

दादा उठले. "उद्या सकाळी सहाला माझी गाडी येईल. अकराजणी आणि ताई तुम्ही, सगळ्यांनी मोठ्या दवाखान्यात यायचं. काम काय करता ते मी सांगेन डॉक्टरांना, मोठ्यानं."

"मी सांगेन," आई म्हणाली.

काका अजून बसला होता. लोक वाट बघत होते, तो बोलेल, ओरडेल, आईच्या अंगावर जाईल. त्यानं काळ्या बोटांनी सतरंजीचा एक धागा ओढला, ओढत राहिला.

"मी औषधाच्या रांगेत होतो तेव्हा," तो शेवटी म्हणाला. कुणालाच नाही, असंच. मग आईला विचारलं, "खिळे कुणी ठोकले?"

"मी."

तो उठला आणि चालायला लागला.

आम्ही सगळे त्याच्या मागून निघालो. दुपारचे तीन वाजले असतील. रस्ता तापून पांढरा झाला होता, चपलेतून चटका लागत होता. पन्नास माणसं चालत होती आणि आवाज फक्त पावलांचा. काकानं वाटेत त्याच्या दुकानातून पक्कड घेतली. आमच्या घरामागे गेला आणि पहिल्या खिडकीचा पहिला खिळा उपटला. गंजलेला खिळा ओरडला. मग दुसरा. गोणपाट खाली पडलं. गरम वारा आत घुसला आणि आतली पूड समोरच्या खिडकीच्या फटींतून बाहेर यायला लागली.

"लांब व्हा! नाकाला बांधा!" मी ओरडले, आणि माझा भोंगा आवाज भिंतीवर आपटून परत आला. बायकांनी पदर नाकाला लावले. आईनं नाही लावला. मी जाऊन माझी ओढणी तिच्या तोंडावर बांधली, तिनं बांधू दिली.

चार खिडक्या उघडल्या. आतली पिशवी न् पिशवी हलायला लागली. संध्याकाळपर्यंत सगळं वाळून चामडं होणार, हे प्रत्येकीला दिसत होतं, आणि त्यांच्यापैकी तिघी-चौघी तेवढ्यातच आपापल्या घराकडे वळल्या, पक्कड शोधायला. पूड विरळ झाल्यावर काकानं गळ्यातला रुमाल तोंडाला बांधला आणि दार उघडून आत गेला.

तिसऱ्या रांगेत थांबला. दारातून आम्हाला त्याची पाठ दिसत होती. तो खाली बघत होता, बसलेल्या माणसाकडे बघावं तसा.

"किती वेळ बसायचं ते," तो म्हणाला. रागानं नाही. रोज दुकान बंद करून येताना म्हणायचा तसं. "झालं आता. चल. घरी जाऊ."

तो थोडा वेळ थांबला. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठायला लागतो तेवढा. मग वळला. एक हात कोपरात वाकवून अंगापासून थोडा लांब धरला होता. त्याची नेहमीची चाल झपाझप, आता एकेक पाऊल टाकत आला.

आई दाराच्या चौकटीपाशी उभी होती. तो जवळ आला तेव्हा ती मागे सरली, तापलेल्या पत्र्याला पाठ लागेपर्यंत सरली. पत्रा भाजत असणार. ती हलली नाही. काकानं तिच्याकडे बघितलं नाही, पण तिच्या अंगाला घासू नये इतकी जागा सोडून गेला.

बायका बाजूला झाल्या. दोन माणसं जातील एवढी वाट मोकळी झाली. काका दाराबाहेर आला आणि क्षणभर थांबला.

"सावकाश गं," शिवणवाली म्हणाली. "पायरी आहे."